भरली चोच घरची

पूर्वी शंखपट्टण नगरात सुयाम नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने भर समुद्रातल्या एका बेटावर सुरय पक्ष्यांच्या कुळात जन्म घेतला होता. सुरय म्हणजे अंगाने सडपातळ, पांढरा, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखा आणि शेपटीला दोन टोके असलेला समुद्रपक्षी. वर्षभर तो कुठे भटकतो ते त्याचे त्याला ठाऊक. पण उन्हाळा लागला की अंडी घालायला तो नेमका आपल्याच पुळणीवर येतो. बोधिसत्त्व वाढला, शहाणा झाला आणि त्या थव्याचा नायक झाला. दर उन्हाळ्यात तो आपल्या साऱ्या गणगोताला घेऊन त्या बेटावर उतरत असे.

बेटाचे नाव धवळबेट. बेट एवढेसे, की या टोकाला कोणी शिंकले तर त्या टोकाच्या म्हातारीने 'शतंजीव' म्हणावे. दक्षिणेला कोळ्यांची घरे, मधे गोड्या पाण्याची एकच विहीर आणि उत्तरेला वाळूची लांबट पुळण. ती पुळण पाखरांची. ती जिथे सुरू होते तिथे बेटकऱ्यांच्या वाडवडिलांनी शिंपल्यांची एक ओळ मांडून ठेवली होती. वाळूत अंडी-पिले असेतोवर त्या ओळीपलीकडे कोणी पाऊल टाकायचे नाही, हा बेटाचा नेम. कारण सुरय घरटे बांधत नाही. छातीने वाळूत खळगा करतो आणि वाळूच्याच रंगाची अंडी त्यात घालतो. वर पंखांची सावली आहे तोवर सगळे ठीक. पक्षी उठला की खाली तापली वाळू आणि वर शत्रूची चोच. म्हणून तो उठू नये, एवढेच माणसांनी सांभाळायचे.

हा नेम निव्वळ दयेपोटी पाळला जाई असे मात्र कोणी समजू नये. बेटाभोवती पाण्याखाली खडक होते, आणि चैत्र-वैशाखात सकाळच्या वेळी कधी कधी असे धुके पडे की होडीच्या एका टोकाला बसलेल्याला दुसऱ्या टोकाचा माणूस दिसत नसे. तेव्हा होड्या पाखरांच्या मागोमाग घरी येत. ज्या सुरयच्या चोचीत मासा आहे तो पिलांकडे निघालेला असतो. ज्याची चोच रिकामी, तो मासा धरायला चाललेला असतो. 'रिकामी चोच दर्याची, भरली चोच घरची,' हे धवळबेटावरचे मूल बोबडे बोलू लागले की आईबापांच्या नावांआधी शिके.

पाखरांवर नजर ठेवायला बेटाने एक माणूस नेमलेला असे. त्याला टेहळ्या म्हणत. पाखरे कधी उतरली, अंडी कधी फुटली, पिलांना मासा कधीपासून जाऊ लागला, हे त्याने सांगायचे आणि त्याच्या शब्दावर होड्या पाण्यात लोटायच्या. त्या काळी नागिल हा टेहळ्या होता. ओळीच्या अलीकडे खडकावर झावळ्यांचा आडोसा करून तो दिवसभर बसे. त्याच्यासारखा पाखरे पाहणारा माणूस त्या किनाऱ्यावर दुसरा नव्हता. कोण कोणाचा जोडीदार, कोण आळशी, कोण भांडकुदळ, कोणाच्या पंखाला जुनी दुखापत आहे, सगळे त्याला तोंडपाठ. वर्षानुवर्षे ऐकून ऐकून त्याला त्यांची बोलीही कळू लागली होती. बोधिसत्त्वाचा खळगा ओळीला अगदी लागून असे. सगळ्यांत उघड्या जागी नायकाने राहावे, अशी त्याची समजूत होती. नागिल खोकला, शिंकला तरी तो पक्षी मान वळवीत नसे, इतका त्याचा विश्वास.

नागिल माणूस चांगला होता. त्याचे दुखणे एकच, की त्याचे कौतुक कोणी करीत नसे. होड्या भरून आल्या की लोक त्याचा धाकटा भाऊ सोनक याची पाठ थोपटीत, कारण सोनक तांडेल, म्हणजे होड्यांचा म्होरक्या, होता आणि शेवटची होडी घराकडे लागल्याशिवाय आपले सुकाणू वळवीत नसे. नागिलला मात्र म्हणत, "तुझं बरं आहे बाबा, बसल्या जागी खातोस." थट्टाच ती. नागिल हसून गिळी, पण ती पचत नसे.

एका उन्हाळ्यात पिले अंड्यांतून बाहेर पडू लागली होती. पुरुष होड्या घेऊन दूर गेले होते आणि बायका दक्षिणेला मासळी वाळत घालीत होत्या. अशा वेळी राजा सुयामचे गलबत उत्तरेकडून येऊन पुळणीजवळ थांबले. राजाला पाखरे पाहण्याचा नाद होता. नाद वाईट नव्हता. पिंजऱ्यातली पाखरे पाहून त्याला वीट आला होता. मोकळी पाखरे त्यांच्या घरी जाऊन पाहावीत म्हणून तो एवढा समुद्र ओलांडून आला होता. त्या काळी गलबतांवर कावळे बाळगीत. किनारा दिसेनासा झाला की कावळा सोडायचा. जमीन जिकडे असेल तिकडे तो जातो. धवळबेट सापडावे म्हणून खलाशांनी त्या सकाळी कावळे सोडले होते, आणि बेट सापडल्याच्या आनंदात त्यांना परत धरायचे राहून गेले. ते आता डोलकाठीवर ओळीने बसले होते.

धवळबेटावर कावळा नव्हता. कधीच नव्हता. नागिलने राजाच्या आधी कावळेच पाहिले, कारण त्याची नजरच तशी तयार झालेली होती. 'यांना धरायला सांगितले पाहिजे,' असे त्याच्या मनात आले. तेवढ्यात गलबतावरून खडकापाशी उतरलेल्या राजाने त्याला नावाने हाक मारली.

"नागिल तूच ना? तुझं नाव आमच्या कानापर्यंत आलं आहे."

झाले. कावळे मनातच राहिले.

नागिलने राजाला ओळीपाशी नेऊन उभे केले. माध्यान्हीची वेळ होती. वाळू पांढरी, पाखरे पांढरी, आणि सगळी मुकाट, पिलांवर पंखांची सावली धरून बसलेली. नागिल सांगत होता, हा नायक, ही त्याची जोडीदारीण, तो पलीकडचा म्हातारा सगळ्यांशी भांडतो. राजा नीट ऐकत होता. ऐकता ऐकता त्याने एक जांभई दाबली. नागिलला पाखराच्या पापणीची हालचालही दिसे, जांभई कशी सुटेल?

राजामागे उभा असलेला अमात्य हसून म्हणाला, "महाराज, एवढा समुद्र ओलांडून आपण वाळूवर सांडलेलं मीठ पाहिलं."

नागिलच्या कानाच्या पाळ्या तापल्या. राजाने अमात्याला नजरेने गप्प केले. मग अंगावरचे रेशमी उत्तरीय काढून त्याने नागिलच्या खांद्यावर घातले आणि म्हणाला, "तू रोज जे पाहतोस ते आम्हाला एकदा दाखव. ही उडताना कशी दिसतात?"

'संध्याकाळपर्यंत थांबा, महाराज. ऊन उतरलं की ती आपणहून उडतात.' हे उत्तर नागिलच्या जिभेवर आले होते. उत्तर बरोबर होते, आणि राजा समंजस होता, त्याने ते मानलेही असते. पण भरतीबरोबर गलबत निघायचे होते. राजा एकदा गेला की नागिल पुन्हा बसल्या जागी खाणारा नागिल होणार होता.

त्याच्या खडकावर काशाची एक थाळी असे. काकण नावाचा मोठा समुद्रगरुड पिले उचलायला आला की टेहळ्याने ती थाळी बडवायची. पाखरांना तो आवाज ओळखीचा होता. तो ऐकला की सगळा थवा एकजुटीने उठे आणि काकणाला टोचून टोचून समुद्रापार पिटाळी. माणसाने हाक द्यायची आणि पाखरांनी धावायचे, असा तो दोघांचा जुना करार होता. नागिलने ती थाळी उचलली, शिंपल्यांची ओळ ओलांडली आणि टोला हाणला.

सगळी पुळण उठली. आभाळ पांढरे झाले, पंखांचा आवाज लाटांच्या वर गेला, आणि राजाच्या डोळ्यांत पाणी आले. खोटे कशाला सांगावे, दृश्य तसेच होते.

"पुन्हा," राजा म्हणाला.

थवा खाली बसत आला की नागिल पुन्हा टोला हाणी. अमात्यसुद्धा आता तोंड उघडे टाकून वर पाहत होता. राजाने टाळ्या वाजवल्या. नागिल हसत होता, आणि उत्तरीय खांद्यावरून घसरे ते परत परत सावरीत होता. तेवढ्यात बोधिसत्त्व त्याच्या कानाजवळून ओरडत गेला. तो काय ओरडला ते नागिलला कळले.

"काकण कुठे आहे?" एवढेच तो विचारीत होता.

नागिलचा हात खाली आला. तेव्हा कुठे त्याला डोलकाठी दिसली. तिच्यावर एकही कावळा नव्हता. ते खळग्याखळग्यांतून चालत होते, सावकाश, जेवणावळीत पंगतीतून फिरावे तसे. जे त्यांनी सोडले ते वाळूने भाजले. सुरय परत बसले, आणि काही वेळाने एकेक करून आपल्या खळग्यावरून उठले. आता त्यांना बसण्याचे कारण राहिले नव्हते. राजाला यातले काही कळले नाही. तो नागिलला आशीर्वाद देऊन, तृप्त होऊन गेला.

थाळी एवढा वेळ का वाजली ते पाहायला बायका धावत आल्या. पुढे नागिलची बायको रेवा होती. "काय झालं?" तिने विचारले.

"राजाच्या गलबतावरचे कावळे उतरले," नागिल म्हणाला. "मी थाळी बडवत होतो."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. खोटे बोलायची ही सगळ्यांत वाईट रीत आहे.

संध्याकाळी होड्या आल्या आणि गोष्ट बेटभर झाली. राजाला, त्याच्या खलाशांना, कावळ्यांच्या सात पिढ्यांना शिव्या देऊन झाल्यावर लोक नागिलपाशी जमले. एकटा माणूस, समोर राजा, तरी थाळी बडवीत राहिला, म्हणून जो तो त्याची पाठ थोपटू लागला. उत्तरीय पाहून एक म्हातारा म्हणाला, "शोभतं हो तुला." सोनकने तर वाकून नमस्कार केला आणि म्हटले, "दादा, आज बेटाची लाज राखलीस तू." ज्या कौतुकासाठी नागिल उभा जन्म झुरला ते हे असे आले. त्याला ते अंगावर गरम राख सांडावी तसे लागले. तरी तो हसून मान हलवीत राहिला, हे विशेष.

मग सोनकने कामाचे विचारले. "किती गेलं? उद्या धुकं धरेल असं दिसतंय. निघावं की थांबावं?"

नागिलला ठाऊक होते की पुळणीवर एकही जिवंत पिलू किंवा धड अंडे उरलेले नाही. पिले नाहीत म्हणजे घरी मासा नेणारे कोणी नाही. उद्या भरली चोच दिसणार नव्हती. एवढे एक वाक्य सांगणे हेच तर टेहळ्याचे काम. पण ते सांगितले तर कोणी तरी विचारणार, मूठभर कावळ्यांनी सगळी पुळण कशी धुतली? पाखरे काय डोळे मिटून बसली होती?

"थोडी अंडी गेली," तो म्हणाला. "बाकी ठीक आहे. निघा."

रेवाने त्याच्याकडे पाहिले.

फटफटताच होड्या गेल्या. बेटावरचे झाडून सगळे धडधाकट पुरुष त्यांत होते. नागिल खडकावर येऊन बसला, आणि सूर्य वर येण्याऐवजी धुके वर आले. आधी दूरचे पाणी गेले, मग जवळचे. सगळा थवा पुळणीच्या कडेला पाण्यापाशी उभा होता. त्यांचे बोलणे नागिलला ऐकू येत होते.

"चला आता," सगळ्यांशी भांडणारा तो म्हातारा सुरय म्हणत होता. "इथे आपलं कोण राहिलंय?" थोडे थांबून तो पुन्हा म्हणाला, "काकणानं नेली असती तर मला वाईट वाटलं नसतं. तो काकणच आहे. हा आपला होता."

नागिलने कानांवर हात ठेवले. मग आपण एवढेही करण्याच्या लायकीचे नाही असे वाटून ते काढले.

बोधिसत्त्व म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे. होड्या बाहेर आहेत. त्या आत आल्या की मी येतो."

"कोणाच्या होड्या? त्याच्याच ना?"

"त्याच्याच," बोधिसत्त्व म्हणाला, आणि त्याने ही गाथा म्हटली:

मोडले ज्याने घर माझे, ते त्याचे त्याच्यापाशी;
धुक्यात जे वाट पाहती, मी बांधील त्यांच्याशी.

म्हाताऱ्याने पंख उघडले. थवा उठला. या वेळी थाळी वाजवावी लागली नाही. आभाळ पुन्हा पांढरे झाले असेल. धुक्यात ते नागिलला दिसले नाही, पंखांचा आवाज तेवढा दूर जाताना ऐकू आला.

तो आवाज थांबल्यावर नागिलला भीतीने घेरले. त्याने थाळी घेतली आणि वेड्यासारखी बडवू लागला. रेवा धावत आली आणि तिने त्याचा हात धरला. "नका बडवू. सगळ्या खडकांतून आवाज घुमतोय. होड्या तिकडेच वळतील नि फुटतील." मग तिने विचारले, "आणि बडवता कशाला? पाखरं आहेत ना?"

"गेली," नागिल म्हणाला.

"थोडी गेली म्हणालात."

रेवाचा भाऊ होड्यांवर होता, बापही होता. तिने नवऱ्याच्या खांद्यावरचे उत्तरीय पाहिले, हातातली थाळी पाहिली, ओळीपलीकडे वाळूत अजून तसेच असलेले त्याच्या पायांचे ठसे पाहिले. मग ती तिथेच वाळूत बसली. तिने पदर तोंडाला लावला आणि धुक्याकडे पाहत राहिली. नागिलला वाटले, तिने निदान माझ्याकडे पाहू नये. तिने पाहिले नाही, आणि तेही त्याला सोसवेना.

किती तरी वेळाने धुक्यातून एक सुरय आला. त्याच्या चोचीत मासा होता.

तो बोधिसत्त्व होता. तो ओळीजवळच्या आपल्या खळग्यापाशी उतरला, मासा आत ठेवला आणि रिकाम्या चोचीने परत गेला. त्याच्या मागोमाग वल्ह्यांचा आवाज आला आणि एक होडी धुक्यातून सुटून पुळणीच्या कडेने घरांकडे गेली. होडीतले लोक मजेत बोलत होते. आपण कशातून आलो ते त्यांना ठाऊक नव्हते. थोड्या वेळाने बोधिसत्त्व पुन्हा आला, चोचीत मासा, मागे होडी. पुन्हा गेला. पुन्हा आला.

होडीवाल्यांना भरली चोच दिसायला हवी, म्हणून दर खेपेला मासा धरणे त्याला भाग होते. परत जाताना चोच रिकामी हवी, म्हणून तो टाकणेही भाग होते. पण मासा कुठेही टाकता आला असता, पाण्यात, खडकावर, वाळूत. बोधिसत्त्व दर वेळी तो त्या खळग्यातच ठेवी, डोके आत, शेपूट बाहेर, पिलाला गिळायला सोपा जाईल असा. खळगा भरला. मासे वाळूवर आले. नागिल ओळीच्या अलीकडे दोन्ही हात मांडीवर ठेवून हे पाहत होता. त्याने आयुष्यभर पाखरे पाहिली होती. आज पहिल्यांदा त्याला वाटले, आपल्याला डोळे नसते तर बरे झाले असते.

शेवटची होडी सोनकची. ती दिसली तेव्हा बोधिसत्त्व लाटांना टेकत टेकत उडत होता. मासा खाली ठेवून तो खळग्याशेजारी बसला आणि त्याचे पंख दोन्हीकडे लोंबत राहिले. रेवा उठली आणि घरांकडे गेली.

धुक्यातून होड्या सुखरूप आल्या की पहिला मासा टेहळ्याला द्यायचा, अशी बेटाची रीत होती. सोनक हलवा जातीचा मोठा मासा हातात धरून पुळणीकडे आला. मागे सगळे होते, बायका, म्हातारी माणसे, पोरेसोरे. सोनक लांबूनच म्हणाला, "दादा, तू म्हणालास ते खरं ठरलं. थोडीच अंडी गेली. पाखरांनी आज आम्हाला ओढून आणलं." त्याने मासा पुढे केला.

नागिलचा हात उठला नाही. "पाखरांनी नाही," तो म्हणाला. "पाखरानं. एकच आहे. बाकीची सकाळीच गेली." त्याने त्या खळग्याकडे बोट दाखवले. माणसे ओळीपाशी येऊन थांबली. भरलेला खळगा त्यांनी पाहिला, आणि पलीकडे जिथवर नजर जाईल तिथवर रिकामे खळगे पाहिले. मग नागिलने सगळे सांगितले. कावळे आपण आधीच पाहिले होते. जांभई पाहिली होती. थाळी आपणच वाजवली, ओळीच्या आत जाऊन वाजवली, आणि दुसऱ्यांदा राजाने सांगितले तेव्हा आपल्याला आनंद झाला होता. आणि काल सोनकने विचारले तेव्हा आपल्याला सगळे ठाऊक होते. ते शेवटचे सांगताना त्याचा आवाज इतका खाली गेला की मागच्यांना ऐकू आला नाही. पुढच्यांनी ते मागे सांगितले.

कोणी शिवी दिली असती, हात उगारला असता, तर त्याला बरे वाटले असते. सोनक हातातल्या माशाकडे पाहत राहिला. "आम्ही सगळे बाहेर होतो, दादा," एवढेच तो म्हणाला.

नागिल ओळीपाशी गुडघे टेकून बसला. ओळ त्याने ओलांडली नाही. पाखराच्या डोळ्याला डोळा न देता तो म्हणाला, "कोणी केलं ते तुला ठाऊक होतं. तरी माझी माणसं का आणलीस?"

बोधिसत्त्व म्हणाला, "काल मी तुला एक विचारलं होतं. त्याचं उत्तर आधी दे. काकण कुठे होता?"

पाखराची बोली बाकी कोणाला कळत नव्हती. नागिलला ती कळत होती.

"ओळीच्या आत होता," तो म्हणाला. "थाळी त्याच्याच हातात होती."

बोधिसत्त्वाने पंख सावरले. "आता तुला दिसू लागलं," तो म्हणाला. "ही लाज झटकून टाकू नकोस, आणि तिच्यात बुडून जीवही देऊ नकोस. तुला अजून काम आहे. हे मासे उन्हात नासतील. तुमच्या घरी लेकरं आहेत, त्यांना घाल."

एवढे बोलून तो उठला आणि ज्या दिशेने थवा गेला होता त्या दिशेने उडाला. त्याची चोच रिकामी होती.

नागिलने खांद्यावरचे रेशमी उत्तरीय काढले. पाखराचीच परवानगी होती म्हणून हात ओळीपलीकडे घालून त्याने एकेक मासा उचलला आणि त्यात बांधला. मग तो दारोदार गेला. प्रत्येक दारात तो सांगे, "हे सुरयच्या पिलांचे मासे आहेत. पिलं मी मारली. तुमच्या लेकरांना घाला." कोणी घेताना रडले. कोणी दार लावून घेतले. तिथे तो दार उघडेपर्यंत उभा राहिला. शेवटचे दार त्याचे स्वतःचे होते. तिथेही त्याने तेच शब्द सांगितले. रेवाने मासे घेतले आणि चूल पेटवली. त्या उत्तरीयाचा माशाचा वास पुढे कधीच गेला नाही.

दुसऱ्या दिवशी नागिल सोनककडे गेला आणि म्हणाला, "दुसरा टेहळ्या नेमा." बेटकरी बसून बोलले. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, असे एकाने म्हटले. सोनक म्हणाला, "दुसरा नेमला तर त्याला हे शिकायला आणखी एक पुळण जाईल. दादाच राहू दे." ही क्षमा होती की शिक्षा, ते नागिलने विचारले नाही. त्याने शिंपल्यांची ओळ उचलून आणखी मागे मांडली आणि आपला आडोसा तिच्याही मागे नेला. त्या वर्षी उरलेल्या उन्हाळ्यात तो रिकाम्या पुळणीसमोर रोज बसला. धुके पडले की होड्या निघत नसत. त्या दिवसांत बेटावर चुली कमी पेटत, आणि नागिल आपल्या वाट्याचे दुसऱ्याच्या घरी पोहोचवी. बसल्या जागी खातोस, असे त्याला पुन्हा कोणी म्हटले नाही. कोणी थट्टेने म्हणावे, असे आता त्याला वाटे.

पुढच्या उन्हाळ्यात एक सुरय आला. त्याने पुळणीवर घिरट्या घातल्या आणि जुन्याच जागी, जिथे पूर्वी ओळ होती तिथे, छातीने खळगा केला. नागिलने त्याला ओळखले. त्या पक्ष्याने मान वळवून त्याच्याकडे पाहिले आणि नागिलने डोळे खाली घातले. मग हळूहळू थवा उतरला. भांडखोर म्हातारा सगळ्यांत शेवटी आला आणि ओळीपासून सगळ्यांत लांब बसला. लोक विचारायला आले तेव्हा नागिल एवढेच म्हणाला, "आली." पाखराने आपल्याकडे पाहिले तर माणसाने आधी नजर खाली करावी, ही रीत धवळबेटावर तेव्हापासून पडली.

शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, विहारात ही कथा सांगितली ती उत्तिय नावाच्या एका भिक्षूसाठी. एक धनाढ्य श्रेष्ठी विहारात आला असता, त्याच्यावर छाप पडावी म्हणून उत्तियाने धोक्याची घंटा वाजवली होती आणि ध्यानात बसलेल्या सगळ्या भिक्षूंना धावत बाहेर यायला लावले होते. एक वृद्ध स्थविर त्या गडबडीत पायरीवरून पडले आणि अजून त्यांना चालता येत नव्हते. "वानर आले होते," असे उत्तियाने सर्वांना सांगितले होते. खरे बाहेर आल्यापासून तो सभेत येत नसे. आला तर दाराबाहेर उभा राही. आजही तो दाराबाहेरच होता.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा सुयाम म्हणजे आताचा हा श्रेष्ठी. बेटावरची माणसे म्हणजे तुम्ही. सगळ्यांत शेवटी परत आलेला म्हातारा सुरय म्हणजे हे वृद्ध स्थविर. थव्याचा नायक मीच होतो. आणि नागिल म्हणजे दाराबाहेर उभा असलेला उत्तिय." मग ते म्हणाले, "या कथेत तुम्ही नायकाची करुणा पाहिलीत, ती पाहण्याजोगी आहेच. पण करुणेने एक दिवस होड्या घरी आणल्या; पुढे वर्षानुवर्षे पुळण राखली ती नागिलच्या लाजेने. स्वतःपुढे मान खाली जाणे, या गुणाला ह्री म्हणतात. ज्याला ती आहे त्याला दाराबाहेर ठेवू नये."

मग वृद्ध स्थविरांनी दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि ते आपल्या आसनावर थोडे बाजूला सरकले. शेजारी एका माणसापुरती जागा झाली.